निवडक शाळा व शाळांचा गुणानुक्रम

प्रवेशपरीक्षेने विद्यार्थी निवडणाऱ्या शाळा किंवा शाळांतर्गत खास वर्ग आणि त्यांमुळे सार्वजनिक माध्यमिक शाळांच्या तुलनात्मक क्रमवारीत पडणारा फरक. शाळेचा क्रम सामान्यतः तेथील विद्यार्थ्यांच्या सरासरी गुणांवरून किंवा उत्तीर्णांच्या शेकडा प्रमाणावरून लावला जातो. हे आकडे दोन घटकांनी बनतात : शाळेत कोणते विद्यार्थी आले आणि शाळेने त्यांना काय शिकविले. क्रमवारीत या दोहोंची बेरीज दिसते, फोड दिसत नाही.

पूर्वपीठिका : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६८ मध्ये टकोमा (वॉशिंग्टन राज्य) व १९६९ मध्ये बॉस्टन येथे ‘मॅग्नेट’ म्हणजे चुंबकी शाळांचा प्रारंभ झाला. खास अभ्यासक्रमाच्या आकर्षणाने भिन्न वंशांची मुले स्वेच्छेने एकत्र यावीत, हा त्यांचा मूळ हेतू होता. त्यांपैकी अनेक शाळांत सोडतीने प्रवेश मिळतो. काही मात्र गुणवत्तेची कसोटी लावतात. व्हर्जिनियातील टॉमस जेफर्सन हायस्कूल (१९८५) ही संपूर्ण निवडक शाळा राष्ट्रीय क्रमवारीत अनेकदा अग्रस्थानी आली. मेरीलंडमधील माँट्गमरी ब्लेअर हायस्कूलमध्ये मात्र १९८५ पासून विज्ञान, गणित व संगणक यांचा निवडक वर्ग सर्वसामान्य शाळेतच भरविण्यात येऊ लागला. अशा वर्गातील यश यजमान शाळेच्या सरासरीत मिळते.

महाराष्ट्रातील स्वरूप : ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी पुसेगाव (जि. सातारा) व अन्यत्र शासकीय विद्यानिकेतने निघाली. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने १९६९ मध्ये बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी प्रशाला काढली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जवाहर नवोदय विद्यालयांची योजना देशभर नेली. तिची पहिली दोन विद्यालये झज्जर (हरयाणा) व अमरावती येथे निघाली होती. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील मुलांची चाचणी घेतली जाते. तीत बौद्धिक क्षमता, अंकगणित व भाषा हे विषय असतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, तर एकतृतीयांश मुलींसाठी असतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १३ नुसार प्रवेशाच्या वेळी चाळणी लावण्यास मनाई आहे. तथापि नवोदय विद्यालये त्या अधिनियमातील ‘निर्दिष्ट प्रवर्गा’त मोडतात व त्यांची निवड-चाचणी चालू राहिली आहे.

पुणे जिल्ह्याचे नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यातील पिंपळे जगताप येथे आहे. मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे दीर्घकाळ ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली राहिलेले गाव. माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे तेथील वस्तीचे रूप पालटले, तरी नवोदयच्या नियमांत मूल ग्रामीण आहे की नाही, हे त्याची तिसरी ते पाचवीची शाळा कोणत्या क्षेत्रात मोडते यावरून ठरते. अशा गावातील मूल निवडले गेले, की ते घर व गाव सोडून निवासी विद्यालयात जाते. पुढे दहावीला ते केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेस बसते, तर गावात राहिलेले त्याचे सोबती बहुधा राज्य मंडळाच्या परीक्षेस. पाचवीपर्यंत त्याला शिकविणाऱ्या शिक्षकांचे श्रम दहावीच्या कोष्टकात कोठेच उमटत नाहीत. गावच्या माध्यमिक शाळेच्या निकालात मात्र त्याची उणीव उमटते.

परिणामाचे गणित : समजा, एका परिसरातील १०० मुलांपैकी १० मुले ९० गुणांच्या आणि ९० मुले ५० गुणांच्या पातळीची आहेत. सर्व एकाच शाळेत असता सरासरी ५४ येते. ती १० मुले निवडक शाळेत गेली, तर गावच्या शाळेची सरासरी ५० वर उतरते व निवडक शाळेची ९० होते. एकाही मुलाचा एकही गुण वाढला वा घटला नाही, तरी एक शाळा ‘उत्तम’ व दुसरी ‘घसरलेली’ ठरते. उत्तीर्णांच्या प्रमाणाचेही तसेच. शंभरांतील ७० उत्तीर्ण होणार असतील व त्यांतील १० निघून गेले, तर ९० पैकी ६० म्हणजे सु. ६७ टक्के उरतात. उलट, ५० सरासरीच्या ९० मुलांच्या शाळेत ९० गुणांच्या पातळीची बाहेरची १० मुले खास वर्गात आणली, तर तिची सरासरी ५४ होते. मूळच्या ९० मुलांच्या शिक्षणात त्यामुळे काहीच बदल झालेला नसतो.

संशोधन व उपाय : निवडक शाळा प्रत्यक्षात किती भर घालते, हे तपासण्याची एक रीत म्हणजे प्रवेशाच्या सीमारेषेच्या किंचित वर व किंचित खाली राहिलेल्या उमेदवारांची तुलना. आब्दुलकादिरोलू, अँग्रिस्ट व पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन व न्यूयॉर्क येथील परीक्षाधिष्ठित शाळांचा असा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या दोन गटांच्या पुढील परीक्षांतील गुणांत फारसा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष सीमारेषेजवळच्या विद्यार्थ्यांपुरता आहे. शिवाय जेथे जवळपास चांगली शाळाच नाही, तेथील गरीब मुलाला मोफत निवासी शिक्षण मिळणे हा लाभ केवळ गुणांनी मोजता येत नाही.

क्रमवारीतील हा दोष कमी करण्यासाठी विद्यार्थ्याच्या प्रवेशाच्या वेळच्या पातळीपासून झालेली प्रगती मोजण्याची पद्धती सुचविली जाते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून सर्व माध्यमिक शाळांसाठी वापरात आलेले ‘प्रोग्रेस ८’ हे मापन याच तत्त्वावर आधारलेले होते. खास वर्गाचा व उर्वरित शाळेचा निकाल वेगळा दाखविणे हा दुसरा, सोपा उपाय होय. निवडक शाळा असाव्यात की नसाव्यात, याविषयी मतभेद आहेत. परंतु ज्या शाळेतून हुशार मुले निवडून नेली जातात आणि जी येईल त्या प्रत्येक मुलाला प्रवेश देते, तिला निवडक शाळेच्याच मापाने मोजून कमी लेखणे न्याय्य ठरत नाही.