शब्द पाठ आहे, पण येतो का? इंग्रजी शब्दसंग्रहाविषयीचे गैरसमज

इंग्रजी शब्द शिकवणारी आपल्याकडची बहुतेक पुस्तकं एकाच साच्यातली असतात : शब्द, देवनागरीत उच्चार, एक मराठी अर्थ आणि जमलं तर एक वाक्य. मुलं ती मनापासून पाठ करतात. त्या कष्टांचं चीज व्हायचं, तर या रकान्यांवर किती विसंबायचं हे आधी कळायला हवं.

गैरसमज : देवनागरीतला उच्चार वाचला की शब्द बरोबर बोलता येतो.

'टेस्ट' हा शब्द घ्या. चाचणीही टेस्ट आणि चवही टेस्ट. तसंच कर्ज आणि तारीख दोन्ही 'डेट', लिहायचं आणि दुखण्याचं दोन्ही 'पेन'. इंग्रजी कानाला मात्र या जोड्या स्पष्टपणे वेगळ्या ऐकू येतात. चाचणीच्या टेस्टमधला 'ए' आखूड, जबडा जरा जास्त उघडून म्हणायचा. चवीच्या टेस्टमधला लांब, शेवटी 'इ'कडे झुकणारा. मराठीनं 'बॅट' आणि 'बॉल'साठी ॲ, ऑ हे स्वर स्वीकारले, 'व' आणि 'व्ह' वेगळे लिहिले. पण या दोन 'ए'साठी वेगळी चिन्हं आपल्याकडे नाहीत.

आघाताचं दुखणं याहून मोठं. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर. 'फटॉग्रफी' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि 'फोटोग्रॅफिक'मध्ये तिसऱ्यावर. त्याबरोबर आजूबाजूचे स्वरही बदलतात. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आधी. क्रियापद असेल तर 'रिकॉर्ड', जोर नंतर. मराठीत आघातामुळे शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाही. बोलताना समोरच्याला शब्द कळत नाही तो अनेकदा याच कारणानं.

गैरसमज : न उच्चारलं जाणारं अक्षर पूर्वी कधीतरी उच्चारलं जात असणार.

'नाइफ'मधल्या 'के'बाबत हे खरं आहे. जुन्या इंग्रजीत तो उच्चारला जाई. पण कर्जाच्या 'डेट'मधला 'बी' इंग्रजीत कधीच बोलला गेला नाही. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. मूळ लॅटिन शब्दाशी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो पुढे लिखाणात घुसवला. 'रिसीट'मधल्या 'पी'चीही कथा अशीच.

गैरसमज : एका इंग्रजी शब्दाला एक मराठी अर्थ कळला की काम झालं.

कडक चहा इंग्रजीत 'स्ट्राँग' असतो, 'हार्ड' नव्हे. जोराचा वारा 'स्ट्राँग'च, पण मुसळधार पाऊस 'हेवी'. चूक 'डू' करत नाहीत, 'मेक' करतात : 'शी मेड अ मिस्टेक.' आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे नकळत 'अबाउट' येतं. प्रमाण इंग्रजीत मात्र नुसतं 'वुई डिस्कस्ड द प्लॅन'. आणि 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'कदाचित' नव्हे, 'सरतेशेवटी' : 'ही इव्हेंच्युअली अग्रीड', म्हणजे आढेवेढे घेऊन अखेर तो तयार झाला. अर्थाच्या रकान्यातून यातलं काहीच कळत नाही, आणि माझ्या मते शब्दसंग्रहाच्या पुस्तकांची सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

गैरसमज : जितके अवघड शब्द, तितकं चांगलं इंग्रजी.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची 1989 ची आवृत्ती 20 खंडांची आहे. मायकेल वेस्ट यांनी मात्र 1953 मध्ये नेहमीच्या वापरातल्या शब्दांची यादी केली ती सुमारे 2000 शब्दांची. वेस्ट यांनी फाळणीपूर्व बंगालमध्ये शिक्षणक्षेत्रात काम केलं होतं. भारतीय मुलांच्या अडचणी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. साधं लेखन आणि बोलणं यांतला बहुतांश भाग अशा मोजक्या शब्दांतच होतो.

शिक्षकांना आणि पालकांना विनंती : ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश मोबाइलवर फुकट पाहता येतात. शब्दाशेजारचं ध्वनिचिन्ह दाबून ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार मुलांना ऐकवा. मग वहीत आघाताची खूण, सोबत येणारा शब्द आणि मुलानं स्वतः रचलेलं वाक्य लिहून घ्या. दिवसाला असे पाच शब्द झाले तरी पुरे.