जपानी पाहुण्यांशी दोन शब्द

अजिंठ्याला गेलो की जपानी पाहुणे भेटतात. आपण हात जोडतो, हसतो आणि गप्प राहतो. इंग्रजी येत नाही म्हणून लाजतो. पण जपानी भाषेत क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते. ‘ई तेन्की देस ने’ म्हणजे ‘हवा छान आहे, नाही का?’ समोरचा ‘सो देस ने’ म्हणून दुजोरा देतो. तिथे शेजारी विचारतो, ‘ओदेकाके देस का?’ म्हणजे ‘बाहेर निघालात?’ उत्तर येते, ‘चोत्तो सोको मदे’, जरा इथवर! हिंगोलीच्या गल्लीतही हेच चालते. ती चौकशी नसते, आपुलकी असते. पाहुण्यांनी तुमच्या जपानीचे कौतुक केले, तर ‘मदा मदा देस’, अजून खूप शिकायचे आहे, म्हणावे. बंधू-भगिनींनो, मुलांची भीड मोडा. बोलणे ही कुणाची मक्तेदारी नाही.