उत्क्रांतीचे कोलकात्यातले साक्षीदार

सजीवांच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात आणि आजच्या निरनिराळ्या जाती मागे कुठेतरी एकाच पूर्वजाला जाऊन मिळतात, हे उत्क्रांतीच्या सिद्धांताचं सार. पाळीव जनावरांच्या नोंदी ठेवणारे, खडक फोडणारे, डीएनए वाचणारे आणि रोगजंतूंचा माग काढणारे लोक एकमेकांना विचारून कामाला लागले नव्हते, तरी त्यांची उत्तरं जुळत गेली. या सिद्धांताचं खरं बळ त्या जुळण्यात आहे. यांतल्या प्रत्येक प्रकारच्या पुराव्याचा एक धागा कोलकात्यापर्यंत येतो.

एडवर्ड ब्लिथ १८४१ साली एशियाटिक सोसायटीच्या वस्तुसंग्रहालयाचे अभिरक्षक म्हणून कलकत्त्याला आले आणि १८६२ पर्यंत तिथे राहिले. पगार तुटपुंजा, काम अफाट. १८५५ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी त्यांच्याकडे इथल्या पाळीव पशुपक्ष्यांविषयी चौकशी केली, तेव्हा ब्लिथ यांनी पानंच्या पानं भरून उत्तरं धाडली. त्याच डिसेंबरात त्यांनी डार्विन यांचं लक्ष आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या एका लेखाकडे वेधलं. नवी जाती नेहमी आधीच्या जवळच्या जातीच्या शेजारी आणि तिच्या मागोमाग अवतरते, असं त्या लेखात मांडलं होतं. पुढे १८५८ मध्ये डार्विन आणि वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरचे निबंध लंडनमध्ये एकत्र वाचले गेले.

जगभरच्या कोंबड्या भारताकडच्या लाल रानकोंबड्यापासून आल्या, असं ब्लिथ यांचं ठाम मत होतं. डार्विन यांनी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्याच प्रकरणात ते त्यांच्या नावानिशी दिलं. लाल रानकोंबड्याचं आरवणं पाळीव कोंबड्यासारखंच असतं, काही जुन्या वाणांची पिसं तर हुबेहूब तशीच असतात आणि दोघांचा संकर सहज होतो. माणसाने हवी तीच पिल्लं पुढच्या पैदाशीसाठी राखली आणि एका रानपाखरातून शेकडो वाण निघाले. निवडीने एवढं घडतं, तर अफाट काळ हाताशी असलेल्या निसर्गात काय घडेल, हा डार्विन यांच्या युक्तिवादाचा पाया होता.

डीएनएची भाषा तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. २०२० मध्ये ८६३ कोंबड्या-रानकोंबड्यांचे जनुकसंच ताडून पाहिले गेले, तेव्हा पाळीव कोंबडीची सर्वांत जवळची नातलग ठरली ती म्यानमार, उत्तर थायलंड आणि नैर्ऋत्य चीनकडची लाल रानकोंबड्याची एक उपजाती. ब्लिथ यांचा अंदाज बव्हंशी खरा होता. बव्हंशी म्हणायचं कारण म्हणजे बाजारातल्या कोंबड्यांचे पिवळे पाय. खाद्यातला पिवळा रंग मोडून टाकणारं एक जनुक त्यांच्या कातडीत मंद पडलेलं असतं, म्हणून तो रंग तिथे साठून राहतो. जनुकाचा हा प्रकार मात्र राखी रानकोंबड्याकडून आल्याचं २००८ मध्ये दिसून आलं. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो तोच हा पक्षी. संकराची ही जुनी गोष्ट बाहेरच्या रूपावरून कधीच कळली नसती.

दुसरा पुरावा खडकांचा. थरांवर थर साचत जातात, त्यामुळे खालचं जुनं आणि वरचं नवं. प्राण्यांचे अवशेषही त्या क्रमानेच सापडायला हवेत. उत्क्रांती खोटी कशाने ठरेल, या प्रश्नाला जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी ‘कँब्रियनपूर्व खडकातल्या सशाने’ असं उत्तर दिल्याचं सांगतात. हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि त्यांनी भारताचं नागरिकत्वही घेतलं. सस्तन प्राण्यांच्या कितीतरी आधीच्या त्या खडकांत तसा ससा आजवर कुणाला सापडलेला नाही.

राणीगंजच्या कोळसा पट्ट्यातल्या पंचेत खडकांतून मिळालेल्या हाडांचं वर्णन १८६५ मध्ये थॉमस हक्सली यांनी केलं. त्यात आज लिस्ट्रोसॉरस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, चोच आणि दोन सुळे असलेल्या प्राण्याचे अवशेष होते. हे खडक सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे. हाच प्राणी दक्षिण आफ्रिकेत आणि १९६९ मध्ये अंटार्क्टिकातही मिळाला. ही भूखंडं तेव्हा एकमेकांना जोडलेली होती. लिस्ट्रोसॉरस सस्तन प्राण्यांच्या विस्तारित कुळातला असला, तरी त्याचा जबडा जुन्या घडणीचा होता. खालच्या जबड्यात अनेक हाडं आणि सांध्यापाशी दोन वेगळी हाडं. माणसासह सगळ्या सस्तन प्राण्यांत हीच दोन हाडं मधल्या कानात हातोडा आणि ऐरण म्हणून बसलेली आहेत. हे आधी कळलं ते खडकांतून नव्हे. डार्विन यांच्या पुस्तकाच्या बावीस वर्षं आधी, १८३७ मध्ये, कार्ल राइशर्ट यांनी डुकराच्या गर्भात या हाडांचा उगम जबड्याच्या भागातून होताना पाहिला होता. जुना आणि नवा असे दोन्ही सांधे एकाच वेळी वागवणारे जीवाश्म दक्षिण आफ्रिकेत नंतर मिळाले. गर्भ आणि खडक यांची अशी साक्ष जुळणं हा योगायोग मानणं कठीण आहे.

सस्तन प्राण्यांची पुढची खूण महाराष्ट्राच्या सीमेवर मिळते. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ असलेल्या कोटा गावाचं नाव ज्या ज्युरासिक खडकांना पडलं, त्यांतल्या एका इवल्याशा दाढेवरून १९८१ मध्ये कोटाथेरियम हाल्डेनाय हा आदिम सस्तन प्राणी नोंदला गेला. त्याच खडकांतली बारापासॉरस या अजस्र डायनोसॉरची हाडं जोडून सांख्यिकी संस्थेने उभा केलेला सांगाडा कोलकात्यात आजही पाहता येतो.

जीवाश्मांचा अर्थ लावताना चुकाही झाल्या. शिवालिकच्या डोंगरांत १९३२ मध्ये मिळालेला रामापिथेकसचा जबडा १९६०च्या दशकात मानवाच्या थेट पूर्वजाचा मानला गेला. पण १९६७ मध्ये रक्तातल्या प्रथिनांच्या तुलनेवरून माणूस आणि आफ्रिकी वानर सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाल्याचं अनुमान निघालं, आणि रामापिथेकस तर त्याहून बराच जुना. वाद पेटला. पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर मिळालेल्या शिवापिथेकसच्या चेहऱ्याचं वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा तो ओरांगउटानशी मिळताजुळता निघाला. रामापिथेकसला शिवापिथेकसमध्येच जमा करावं लागलं. रेणूंच्या पुराव्याने हाडांचं वाचन दुरुस्त केलं आणि पुढे हाडांनीच त्या दुरुस्तीला दुजोरा दिला.

या सगळ्या गोष्टी भूतकाळातल्या. पटकीच्या जंतूची उत्क्रांती मात्र डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत झाली. १९९२च्या अखेरीस आधी चेन्नईत आणि लगेच कोलकात्यात पटकीची साथ आली, पण जंतू नेहमीच्या ओ-१ गटातला नव्हता. त्याला ओ-१३९ बंगाल असं नाव मिळालं. हा ओ-१ गटातल्या जुन्या एल टॉर जंतूचाच वंशज होता. बाहेरचं आवरण घडवणारी जनुकं त्याने दुसऱ्या जिवाणूकडून मिळवली होती. पटकीचं विष तयार करणारं जनुकही मुळात एका विषाणूने जिवाणूत आणून सोडलेलं आहे, हे १९९६ मध्ये उघड झालं. पटकी नेहमी दिसणाऱ्या भागात मोठ्या माणसांना ओ-१ ची बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती असते, म्हणून आजारी पडतात ती मुख्यतः मुलं. नव्या आवरणापुढे ती शक्ती निरुपयोगी ठरली आणि मोठी माणसं रुग्णालयात भरती होऊ लागली. ज्या जंतूला शरीर ओळखू शकत नव्हतं तो फोफावला, ओळखीचा मागे पडला. पुढे ओ-१ पुन्हा वरचढ झाला आणि ओ-१३९ ओसरला.