एका वाटीचा स्वयंपाक

२०२२च्या जूनमध्ये हे गेले आणि माझ्या हाताची मापं चुकायला लागली. तांदूळ धुऊन कुकर बंद केला की मग लक्षात यायचं, आपण दोघांचे घेतले. उरलेला भात रात्री फोडणीला टाकायचा, तोही उरायचा. शेवटी मी रांधणंच सोडलं. चहा-पोळी, दूध-पोळी, कधी नुसते टोस्ट. मुलगी नागपूरहून फोनवर विचारायची, ‘‘आई, जेवलीस?’’ मी ‘‘हो’’ म्हणायची. भेटायला येणारेही सांगत, ‘‘एकट्या माणसाचं काय हो, खिचडी टाकली की झालं!’’ जणू खिचडी ही टाकून द्यायचीच वस्तू.

श्रावणात एका दुपारी अंगात कणकण होती. डोंबिवलीत सकाळपासून पावसाची झड लागलेली. डबे धुंडाळताना वहिनीनं पाठवलेलं कुळथाचं पीठ सापडलं. माझं माहेर रत्नागिरीकडचं. ‘कुळीथ उष्ण, तो पावसातच खावा,’ असं आई म्हणायची. पण एवढंसं पिठलं करायचं कशात? कढई मोठी, पातेली मोठी. एकच भांडं बेताचं होतं. शेवटच्या दोन महिन्यांत ह्यांचं दूध गरम करायचे ते. मी ते वरच्या फळीवर मागे सारून ठेवलं होतं. स्टुलावर चढून काढलं, घासलं.

तेलात ठेचलेला लसूण लाल होऊ दिला. (श्रावणात लसूण! सासूबाई असत्या तर बोलल्या नसत्या, नुसतं पाहिलं असतं.) हिरवी मिरची, दीड वाटी पाणी, दोन आमसुलं. उकळी आल्यावर एका हातानं पीठ भुरभुरवत दुसऱ्या हातानं ढवळत राहिले. सोबत गुरगुट्या भात, वर तुपाची धार. ताटलीत वाढून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी टेबलाशी बसून जेवले. रडले म्हणाल, तर तेही झालं. पण जेवण झाल्यावर.

कोजागिरीला अर्धा लिटर दूध आटवलं. चंद्र समोरच्या इमारतीमागे होता, तेव्हा त्याची वाट न बघता पिऊन टाकलं.

वांग्यापाशी मात्र मी अडले. हे जळगावचे. भरिताचं वांगं म्हणजे तिकडचं, हिरवट पांढरं, चांगलं हातभर. चातुर्मासात बंद असलेलं वांगं आमच्याकडे चंपाषष्ठीला भरीत-भाकरीच्या नैवेद्यानं पुन्हा सुरू व्हायचं. शेतातल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवरच्याला येत नाही, हे ह्यांचं दरवर्षीचं पालुपद. मी वांग्याला तेलाचा हात लावून, चार ठिकाणी टोचून, मंद आचेवर फिरवत बसायची. साल पापुद्र्यासारखं सुटलं, देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं, की झालं. मग ठेचलेली मिरची-लसूण, कांद्याची पात, भाजलेले दाणे. ‘‘हे काही भरीत नव्हे,’’ असं म्हणत हे तिसरी भाकरी घ्यायचे.

पहिल्या वर्षी मी वांग्याकडे पाहिलंच नाही. २०२३च्या मार्गशीर्षात भाजीवाल्यापुढे उभी राहिले, तर अर्धं वांगं काही मिळत नाही! अख्खं आणलं. भाजताना तोच धूर, तोच वास घरभर. खरं सांगते, मला वांगं कधीच फारसं आवडलं नाही. छत्तीस वर्षं भाजलं, पण खाल्लं ते ह्यांच्या संगतीनं. त्या दिवशी बाजरीच्या दोन भाकऱ्यांबरोबर सगळं संपवलं. मीठ जरा कमी पडलं होतं, आणि तसं म्हणायला घरात कोणी नव्हतं.

पुढच्या चैत्रात कैऱ्या आल्या. पन्हं एकटीचं जमतं. एक कैरी उकडावी, गराच्या दीडपट गूळ, वेलची, चिमूट मीठ. गर फ्रीजमध्ये ठेवला की चार दुपारी निघतात. आंबेडाळीचं तसं नाही. ती चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची. तरी मोह झाला म्हणून रात्री एकच वाटी हरभऱ्याची डाळ भिजत घातली.

सकाळी पाहिलं, तर दोन वाट्यांच्या वर भरली. भरडसर वाटून किसलेली कैरी घातली, वर हिंग-हळद-लाल मिरचीची खमंग फोडणी ओतली, आणि शेजारच्या दोन्ही दारांच्या बेल दाबल्या.