संपाच्या दिवशी एजन्सीचा फोन आला तर?

बसमध्ये, लोकलमध्ये ज्यांना एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

समजा, तुम्ही लेस्टरला मास्टर्स करताय. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, म्हणून एका एजन्सीकडे टेम्प म्हणून नाव नोंदवलंय. सकाळी सहाला फोन येतो: "अमुक वेअरहाऊसला आज माणसं हवीत, येतोस का?" तुम्ही पोचता, तर गेटवर युनियनचे झेंडे. आता गोत्यात कोण? तुम्ही, वेअरहाऊस की एजन्सी?

उत्तर आहे, सगळ्यात आधी एजन्सी. ब्रिटनमध्ये एजन्सींसाठी २००३ ची नियमावली आहे, तिचा सातवा नियम सांगतो की संपावर गेलेल्या माणसाचं काम करायला टेम्प पुरवायचा नाही. आणि यात पळवाट काढणं वाटतं तितकं सोपं नाही. समजा पॅकिंगवाला संपावर आहे. मॅनेजरने फोर्कलिफ्टवाल्याला पॅकिंगला बसवलं आणि फोर्कलिफ्टसाठी एजन्सीकडून माणूस मागवला. तरी नियम मोडलाच! कारण रिकामी जागा संपामुळेच झाली ना.

नियम मोडणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. दंड होतो, आणि इंग्लंडमध्ये त्या दंडाला वरची मर्यादा नाही. शिवाय एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल एजन्सी चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत या धंद्यातून बाहेर ठेवू शकतं. छोट्या एजन्सीसाठी हे दंडापेक्षा भारी.

बचाव आहे का? आहे. संप चालू आहे हे एजन्सीला माहीत नव्हतं आणि माहीत असायला काही वाजवी कारणही नव्हतं, तर सुटका. पण संपाची बातमी सगळीकडे झळकलेली असताना "आम्हाला काय ठाऊक" म्हणून कोण ऐकणार? म्हणून शहाणी एजन्सी क्लायंटला लेखी विचारते: ही जागा का रिकामी झाली? युनियनची मान्यता नसलेला, म्हणजे अनधिकृत संप असेल तर हा नियम लागू होत नाही. आणि जो टेम्प संपाच्या आधीपासून आपलं नेहमीचं काम करतोय, त्याने ते चालू ठेवलं तर हरकत नाही.

आता खरी गंमत. २०२२ च्या उन्हाळ्यात रेल्वेचे संप चालू असताना सरकारने हा नियमच काढून टाकला. २१ जुलैपासून टेम्प पुरवायला मोकळीक! तुम्हाला वाटेल एजन्सीवाले खूश झाले असतील. उलट, त्यांच्याच संघटनेने विरोध केला. माझ्या मते बरोबरच केलं: पिकेट लाइन ओलांडायला लावलेला टेम्प उद्या त्या एजन्सीकडे परत कशाला येईल?

युनियन कोर्टात गेल्या. जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने बदल रद्द केला. कारण काय, तर कायद्याने आधी संबंधितांशी सल्लामसलत करणं बंधनकारक होतं, आणि मंत्र्यांनी २०१५ च्या जुन्या सल्लामसलतीवर भागवलं. १० ऑगस्ट २०२३ पासून बंदी परत आली. म्हणजे वर्षभरात जी एजन्सी नव्या नियमावर विसंबून करार करून बसली, तिला ते करार पुन्हा तपासावे लागले.

मालकाने स्वतः, थेट माणसं भरती केली तर? ते या नियमात येत नाही. आपल्याकडे मात्र रोख मालकावर आहे: महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात कायदेशीर संपाच्या काळात भरती करणं ही अनुचित कामगार प्रथा मानली आहे.

आणि गेटवर उभे असलेले तुम्ही? सातवा नियम टेम्पला गुन्हेगार ठरवत नाही. पण फोनवरच विचारा, "तिथे संप आहे का?" उत्तर मेसेजवर मागा. बहुतेक टेम्प करारांत एखादी शिफ्ट नाकारायची मुभा असते. तुमच्या करारात ती ओळ आहे का, ते आज रात्रीच बघून ठेवा.