खाटा मोजून शहराची तब्येत कळत नाही

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांतून हातापायांतली ताकद अचानक गेलेले रुग्ण एकामागोमाग दवाखान्यांत येऊ लागले. खासगी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी महापालिकेला कळवलं, राष्ट्रीय विषाणू संस्थेत शौचाचे नमुने तपासले गेले आणि काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस सापडला. या आजाराच्या, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोमच्या (जीबीएस), रुग्णांची संख्या पुढे 200च्या वर गेली. त्या दिवसांत पुणेकरांना पडलेला प्रश्न एकच होता: एवढी मोठमोठी हॉस्पिटलं असलेल्या शहरात असं होतंच कसं?

प्रश्नातच गैरसमज आहे. व्हेंटिलेटर आणि महागडी इंजेक्शनं आजारी माणसाला वाचवतात, पण आजार ज्या पाण्यातून घरात येतो त्या पाण्याचं ती काही करू शकत नाहीत. नांदेड आणि किरकटवाडी जून 2021 मध्ये महापालिकेत आली, त्या वेळी समाविष्ट झालेल्या 23 गावांपैकी ही दोन. त्याआधी 2017 मध्ये 11 गावं आली होती. हद्द एका अधिसूचनेनं वाढते. जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र, आरोग्य केंद्र आणि त्यातली माणसं यायला वर्षं लागतात. मधल्या काळात या भागातल्या काही वस्त्यांना विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता, केवळ क्लोरीन टाकून मिळत होतं. म्हणून मला पाणीपुरवठ्याचं अंदाजपत्रक हे आरोग्याचंच अंदाजपत्रक वाटतं.

‘सरकारी दवाखाना म्हणजे ससून’ हा दुसरा समज तर घराघरांत आहे. ससून राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचं. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. कमला नेहरू, नायडू, गाडीखाना महापालिकेचे. वायसीएम रुग्णालय पिंपरी-चिंचवड महापालिकेचं. कॅन्टोन्मेंटची रुग्णालयं वेगळी, ग्रामीण भागातली प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. एवढे मालक असले की रुग्णाची वाट कुणीच आखत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यात उपचार मोफत झाले, पण ते आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. त्यामुळे औंधला मोफत आणि ससूनला केसपेपरपासून पैसे, असं का, हे खेडहून किंवा मुळशीहून आलेल्या माणसाला कळायचं कसं? साध्या तापाला गल्लीतला दवाखाना, बाळंतपणाला जवळचं प्रसूतिगृह, गुंतागुंत झाली तरच ससून, अशी साखळी सगळ्या मालकांनी एकत्र बसून ठरवायला हवी. ती नसल्यामुळेच ससूनची ओपीडी ओसंडते.

इमारत उभी राहिली म्हणजे गुंतवणूक झाली, असंही आपण मानतो. एप्रिल 2020 मध्ये ससूनची 11 मजली इमारत कोविडसाठी सुरू झाली. ऑगस्टमध्ये सीओईपीच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभं राहिलं. खाटा काही आठवड्यांत आल्या, पण सुरुवातीलाच कारभाराच्या तक्रारी आल्या आणि चालवणारी संस्था बदलावी लागली. अनुभवी परिचारिका, रात्रपाळीचा डॉक्टर, ऑक्सिजनकडे लक्ष ठेवणारा तंत्रज्ञ ही माणसं मांडवासारखी आठवड्यात उभी करता येत नाहीत. इमारतीला पैसा एकदाच लागतो आणि उद्घाटनाची फीतही असते. पगार मात्र दर महिन्याला लागतो, त्यामुळे काटकसरीची कात्री आधी भरतीवर चालते.

मग लोक म्हणतात, आता आरोग्य योजनेचं कार्ड आहे ना. महात्मा फुले जनआरोग्य योजना 2012 पासून, आधी राजीव गांधींच्या नावानं, सुरू आहे आणि मोठ्या शस्त्रक्रियेत तिनं असंख्य कुटुंबांना कर्जातून वाचवलं आहे. पण ती मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाला उपयोगी पडते. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, मुलाच्या तापाचं औषध यांचा खर्च खिशातूनच होतो. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी 39.4 टक्के 2021-22 मध्येही लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. सरकारी खर्च त्या वर्षी जीडीपीच्या 1.84 टक्के होता. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं 2025 पर्यंत 2.5 टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

नियोजनाचा पायाही कच्चा आहे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष साधारण 50 हजार लोकांमागे एका नागरी आरोग्य केंद्राचा आहे. 2011च्या जनगणनेत महापालिका हद्दीत 31 लाखांहून थोडे अधिक लोक होते, म्हणजे हिशेबानं 62 केंद्रं. त्या आकड्यात नंतर आलेली 34 गावं नाहीत, हिंजवडी-खराडीच्या नोकऱ्यांसाठी आलेले लाखो लोक नाहीत.

‘हे सगळं गरिबांसाठी, आमचा त्याच्याशी काय संबंध’ असं म्हणणाऱ्या सोसायट्यांनाही जीबीएसनं गाठलं होतं. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला, तेव्हा नायडू रुग्णालयाबाहेरच्या तपासणीच्या रांगेत बंगल्यातली आणि वस्तीतली माणसं शेजारी उभी होती.

म्हणून पुन्हा पाण्याकडे येऊ. शेवटच्या नळाला क्लोरीन पोहोचलं की नाही, हे पाहायची साधी ओटी टेस्ट असते: नळीत पाणी, त्यात थेंबभर द्रावण, आणि पिवळा रंग. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. ही नोंद नांदेडच्या टोकाच्या गल्लीत रोज कोण घेतं, तो कायम नोकरीत आहे की कंत्राटावर, आणि त्याची वही संध्याकाळी कुणाच्या टेबलावर जाते, हे पुढच्या अंदाजपत्रकावेळी नगरसेवकाला विचारता येईल.