शाळा आणि पोलीस : कुणाचे काम कोणते?

अंतरवाली सराटी (ता. अंबड) गोंदी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमणे आवश्यक.

• शिस्त : गृहपाठ, दंगा, गैरहजेरी हा शाळेचाच विषय. छडी, कान पिळणे, अपमान यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ची बंदी.

• गुन्हा : मुलांवरील लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवणे ‘पॉक्सो’ (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायदा, २०१२ नुसार बंधनकारक, प्रकरण शाळेत मिटवता येत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे. अधिकारी साध्या कपड्यांत. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

• आरोपी विद्यार्थीच असेल तर : कोठडी नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे.

• शाळेत : तक्रारपेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती (२०२२ पासून).

• मदत : १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन), ११२ (आपत्कालीन मदत).